सुपातली सुई

पोटात पुरणाचे धोंडे असताना माणसाने जीपखाली आडवं होऊ नये, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी उताणा पडलो होतो. नाकापासून वीतभर वर जीपचं पोट होतं, आणि शेजारी माझे सासरे, निवृत्त सुभेदार हैबतराव जगदाळे, त्या पोटात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते.

"हितं हात लावा, जावईबापू. काय लागतंय?"

"ग्रीस."

"ते लागणारच. दांडा धरा आन् पिरगाळा."

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक जाड लोखंडी दांडा गेला होता. इंजिनाचं फिरणं चाकांना पोचवतो तो. मी तो दोन्ही हातांनी धरून पिरगाळला. आत कुठेतरी टक्क झालं. गुडघा मोडून उठताना म्हाताऱ्या माणसाचा होतो तसा आवाज.

"हां! त्योच. क्रॉस गेला."

तेवढ्यात जीपच्या कडेला दोन पावलं येऊन थांबली. जोडव्यांवरून ओळखलं, सासूबाई. मी त्यांना मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा.

"जावईबापू," वरून आवाज आला, "त्यास्नी इचारा, गाडी आज निघंल का?"

'ते' माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांचे दोन्ही कान शाबूत होते. तरी मी मान वळवून विचारलं, "मामा, गाडी आज निघेल का?"

"तिला म्हणावं, दुपारपातूर निघंल."

"मामी, दुपारपर्यंत निघेल."

"म्हणावं, गाडीची वाट बघण्यात एकदा बाप घालवलाय. आता आई घालवायची न्हाई. मी चालत जाते."

हे मात्र मी पोचवलं नाही. गरजही नव्हती. मामांच्या हातातला पाना निसटून त्यांच्याच छातीवर पडला, आणि त्यांनी तो बराच वेळ उचलला नाही.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. लग्नानंतरचा आमचा तो पहिला अधिक महिना. आमच्याकडे या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, नवे कपडे करतात, आणि त्याच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसं बघतात. मी पुण्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो. मूर्ती होण्याचा मला अनुभव नव्हता, पण त्या सकाळी धोंड्यांच्या तिसऱ्या वाढणीपर्यंत मी बऱ्यापैकी रुळलो होतो. तेवढ्यात शेजारच्या घरी फोन आला. मामींच्या माहेरहून, त्यांच्या भावाचा. आईने अन्नपाणी सोडलंय, सारखी अनसूचं, म्हणजे मामींचं, नाव घेतेय, आजच्या आज या.

मामींचं माहेर जांभूळखिंड, डोंगराच्या माथ्यावर. वडापवाले, शीटमागे पैसे घेणारे, खालच्या फाट्यावर सोडतात. तिथून वर नुसती दगडांची वाट, तिच्यावरून जीपच चढते. मामी इतकी वर्षं फाट्यापासून चढून माहेरी जायच्या. घरात जीप उभी असताना. मागच्या साली त्यांचे गुडघे गेले.

जीपखालून सरपटत बाहेर आलो तर माझी बायको उज्ज्वला मोरीपाशी उभी होती. मी विचारलं, "चालत जाणार म्हणतायत. जातील?"

"जाईल. अर्ध्यात बसेल, पण गाडीची वाट बघत नाही बसायची."

अबोल्याची गोष्ट मला अर्धीमुर्धी माहीत होती. ती आज उज्ज्वलाने हात धुता धुता पुरी केली. तिचे आजोबा अत्यवस्थ होते तेव्हाची. जीप आधी महिनाभर टक्क टक्क करत होती. आई रोज म्हणायची, अहो, काहीतरी वाजतंय, बघा. आबा, म्हणजे मामा, म्हणायचे, मिल्ट्रीची गाडी हाय, काय हुत न्हाई. लिलावातून आणलेली मिलिट्रीची जीप, तिचा कोण अभिमान. घाटाच्या मधोमध क्रॉस तुटला. दांडा खाली लोंबला. रात्रभर तिथेच. सकाळी पोचले तेव्हा राखसुद्धा निवत आली होती.

"त्यावर आबा काय म्हणाले?"

"काहीच नाही. तेच तर."

नऊ वर्षं झाली होती. आधी निरोप्याचं काम उज्ज्वला करायची. तिचं लग्न झाल्यावर ते म्हशीकडे गेलं. मी स्वतः ऐकलंय, मामी गोठ्याकडे तोंड करून म्हणायच्या, "चंद्रे, पाणी तापलंय म्हणावं," आणि ओसरीतून मामा ओरडायचे, "चंद्रे, आलो म्हणावं." म्हैस दोन्हीकडे दुर्लक्ष करून रवंथ करायची. आता मी आल्यावर तिला सुट्टी मिळाली होती. जावई म्हणून माझा मान मोठा होता, पण काम चंद्रीचंच होतं.

मामी ओट्यावर पिशवी घेऊन बसल्या. नेसूचं जरीचं लुगडंही बदललं नव्हतं.

"जावईबापू, म्हणावं, चिंचेची सावली बुंध्यात शिरली की मी उठनार. मग गाडी असंल न्हाईतर नसंल."

अंगणाच्या कडेला चिंच होती. सावली अजून गोठ्याच्या भिंतीपर्यंत लांब पडली होती. मामांनी सावलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या नव्या शर्टाकडे बघितलं, आणि म्हणाले, "जावयाला कामाला लावू नये म्हंत्यात. शर्ट काढा."

चाकांना दगड लावले. मामांनी छिन्नीने दांड्यावर आणि तो ज्यात सरकतो त्या दातेरी खोबणीवर समोरासमोर दोन खुणा ठोकल्या आणि मग बोल्ट सोडायला घेतले. दांडा सुटला तेव्हा तो माझ्या पोटावर आला. धोंड्यांनी तो झेलला. गोठ्याशेजारी बाभळीच्या ओंडक्यावर, लोखंड जबड्यात आवळून धरणारा, शेगडा ठोकलेला होता, त्यात मामांनी दांडा अडकवला आणि दोन्ही टोकांचे सांधे मला दाखवले. सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा होता, चारी टोकांवर चार टोपणं. तोच क्रॉस. टोपणं बाहेर येऊ नयेत म्हणून प्रत्येकावर तारेचं एक लॉक. मामांनी लॉक काढली, एका बाजूला पान्याची लहान गोटी लावली, दुसऱ्या बाजूला मोठी, पोकळ, आणि शेगड्याची मूठ आवळायला लागले. टोपण मोठ्या गोटीत हळूहळू बाहेर आलं, दात पडावा तसं.

आत कुंकू होतं.

म्हणजे मला तसं वाटलं. तांबडी, सुकी, बारीक पूड. मामांनी ती तळहातावर ओतली.

"ह्या सुया हुत्या. बेरिंगच्या. गंजून पीठ झालं."

त्यांनी क्रॉसची भुजा कापडाने पुसून माझ्यासमोर धरली. पोलादात चरे पडले होते, एकाशेजारी एक, जिथे प्रत्येक सुई वर्षानुवर्षं घासली होती तिथे. मी बोट फिरवलं. पोलाद म्हणजे काहीतरी कायमचं असतं अशी माझी समजूत होती.

"नवा क्रॉस कुठून आणायचा आता?" मी विचारलं. कऱ्हाडला जाऊन यायचं म्हणजे सावली बुंध्यात शिरून पलीकडून निघून गेली असती.

मामा घरात गेले. आतून ट्रंकेचं झाकण वाजलं. ओट्यावर बसल्या बसल्या मामींची मान वळली. ती ट्रंक घरात कोणी उघडत नसे. तिच्यात मामांची मेडलं होती, वर्दी होती, आणि लढाईत पडलेल्या एका सोबत्याची टोपी. मामा परत आले तेव्हा त्यांच्या हातात तेलकट कागदात बांधलेली दोन पुडकी होती. सुतळीच्या गाठी इतक्या जुन्या की सुटेनात, कापाव्या लागल्या.

"हे कधी आणलेत?"

"तवाच," मामा म्हणाले. "दहाव्याच्या दिवशी. एक जोड गाडीला बसवला, एक ठिवला."

ते माझ्याशी बोलत होते. आवाज मात्र ओट्यापर्यंत जाईल एवढा होता.

कागद सुटला आणि मी पहिल्यांदा नव्या क्रॉसचं टोपण आतून बघितलं. डाळिंब फोडल्यावर क्षणभर जे दिसतं ते. आतल्या कडेने केसाएवढंही अंतर न ठेवता उभ्या असलेल्या सुया, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा लांब, लखलखीत, एकमेकींच्या आधाराने. त्यांना धरून ठेवायला काही नव्हतं, खिळा नाही, डिंक नाही. फक्त ग्रीस, आणि गर्दी. एवढ्याशा सुयांवर ती सगळी जीप घाट चढते.

"एवढ्यावर?" मी म्हणालो.

"एवढ्यावरच," मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातही मला तेच ऐकू आलं. आयुष्यभर गाड्या उघडलेल्या माणसाला ते अजून नवं वाटत होतं.

पहिला सांधा आम्ही दोघांनी बसवला. म्हणजे मामांनी बसवला आणि मी घाम पुसला. मग मी विचारलं, दोन क्रॉस कशाला? एकाने भागत नाही?

"न्हाई भागत." मामा दुसरं टोक शेगड्यात घेत होते. "इंजिन वर, चाकं खाली, दांडा तिरका. तिरक्यात एक क्रॉस एकसारखा फिरत न्हाई. एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं राहतो. वरनं दिसत न्हाई, पर असतंय."

"मग चाकं धक्के खात फिरायला हवीत."

"फिरली असती. म्हणून पलीकडं दुसरा. ह्यो पळाला की त्यो मागं वढतो. ह्यो रेंगाळला की त्यो पुढं नेतो. दोघंबी चुकत्यात. पर उलट्या अंगानं चुकत्यात, आन् एकाच वक्ताला. चाकाला पत्ता लागत न्हाई."

नकाराचा नकार म्हणजे होकार, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो, आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. ते खडूने फळ्यावर लिहिलेलं होतं. इथे ते लोखंडाचं होतं, ग्रीसमध्ये माखलेलं होतं आणि त्याच्यावर माणसं बसून घाट चढत होती. मी हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिलो.

"जावईबापू," ओट्यावरून आवाज आला. "इचारा की, दोन्ही एका रेषेत न्हाई बसलं तर?"

मामांचा हातोडा थांबला.

"मामा, दोन्ही एका रेषेत नाही बसले तर?"

"तर एकाची चूक दुसऱ्याच्या चुकंत जाऊन पडती. गाडी थरथरती. आन् एक दिस तुटती."

मी ओट्याकडे वळलो. "थरथरते, आणि एक दिवस—"

"मग रेषा बघायची कुनी?"

"मामा, रेषा कोणी—"

"वरच्यानं. खाली पडल्याला दिसत न्हाई म्हणावं. म्हणून तर दोघं लागत्यात."

मी निरोप इकडून तिकडे नेत होतो, पण माझ्या लक्षात आलं की मी वाक्य पुरं करण्याआधीच उत्तर येतंय. चंद्री म्हैस का कंटाळत असेल ते मला तेव्हा कळलं.

सावली आता अर्ध्या अंगणात आली होती. मामांनी घाई केली. घाईत टोपण कललं आणि त्यातली एक सुई खाली पडली.

आवाजसुद्धा झाला नाही. पण आम्ही दोघांनी ती पडताना बघितली. खाली गोठ्याच्या तोंडची मऊ माती, तिच्यात वैरणीचा भुसा, शेणाचा चुरा, ज्वारीचं कोंडकं. सुई त्यात गेली आणि माती पुन्हा मिटली.

"आख्खा क्रॉसच वाया," मामा म्हणाले.

टोपणाच्या आत, सुयांच्या रांगेत एक फट दिसत होती. नेमकी एका सुईएवढी.

"एकीवाचून नाही चालणार?"

"बाकीच्या आडव्या हुतील. घाटात जाईल." ते गुडघ्यांवर बसले, मग मीही. दोघांनी बोटांनी माती उकरायला सुरुवात केली, आणि जितकी उकरली तितकी सुई आणखी खोल गेली असणार. मामांचा चष्मा घामाने खाली घसरत होता. एकदा त्यांनी काहीतरी उचललं, उजेडात धरलं. गवताची काडी होती.

"रेडिओ आणा!" ते एकदम ओरडले.

"रेडिओ?"

"आतल्या स्पीकरात लोहचुंबक असतं. फोडा त्यो!"

तो रेडिओ त्यांनी लेहहून आणलेला. रोज सकाळी बातम्या लागायच्या त्याच्यावर, आणि तेवढा वेळ घरात कोणी भांडं वाजवायचं नाही. मी आत पळालो, फळीवरून रेडिओ काढला, पेचकस शोधला, बाहेर आलो. अंगणात येऊन थांबलोच.

मामी ओट्यावर नव्हत्या. जरीच्या लुगड्याचा ओचा खोचून त्या शेगड्यापाशी बसल्या होत्या. एका हातात खराटा नाही, घरातली मऊ केरसुणी. ओंडक्याभोवतीची सगळी माती त्यांनी हलकेच ओढून गोळा केली, एक कणही न उडवता, आणि सुपात भरली. मग उठून वाऱ्याकडे पाठ केली आणि सूप उचललं.

फट्. फट्. फट्.

पहिल्यांदा भुसा उडाला. सोनेरी, हलका, थेट चिंचेकडे. मग शेणाचा चुरा. मग धुळीचा एक पडदा निघाला आणि उन्हात तरंगत राहिला. मामींचे डोळे सुपावर नव्हतेच, कुठेतरी समोर होते. मनगटं तेवढी चालत होती. मग त्यांनी पाखडणं थांबवून घोळायला घेतलं, सूप जरा तिरकं, गोल गोल, जसं तांदळातले खडे एका बाजूला आणतात तसं. माती आपापल्या वजनाने वेगळी व्हायला लागली. हलकी पुढे, जड मागे. मातीचेही इतके प्रकार असतात, आणि प्रत्येकाला आपली जागा माहीत असते, हे मी तेव्हा बघितलं. मामा गुडघ्यांवरच होते. त्यांनी चष्मा वर सारला आणि तसेच बघत राहिले.

सुपाच्या मागच्या कडेला शेवटी चिमूटभर उरलं. चार खडे, एक गंजका खिळा, काचेच्या हिरव्या बांगडीचा तुकडा. आणि त्यांच्यात सुई.

मामींनी जिभेवर बोट टेकवलं, सुई उचलली, रॉकेलच्या वाटीत बुडवली, जरीच्या पदराला पुसली, ग्रीसचं बोट लावलं आणि त्या फटीत उभी केली. रांग पुन्हा भरली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जावईबापू, रेडिओ ठेवा जागेवर. सकाळच्या बातम्या लागत्यात त्यास्नी."

मी रेडिओ ठेवून आलो. वाटलं, मामी ओट्यावर गेल्या असतील. गेल्या नव्हत्या. माझी जागा त्यांनी घेतली होती.

त्यानंतर जे झालं त्यात एकही शब्द नव्हता. मामांनी टोपण शेगड्याच्या जबड्यात धरलं. मामींनी क्रॉस आतून वर उचलला, त्याची भुजा सुयांच्या मधोमध सरकवली आणि तशीच धरून ठेवली, म्हणजे आता कुठलीच सुई आडवी पडायला जागा नव्हती. मामांनी मूठ आवळली. मामींनी क्रॉस चिमटीत डावी-उजवीकडे हलवून बघितला. अडलं की त्यांचा अंगठा वर व्हायचा आणि मामांचा हात त्याच क्षणी थांबायचा. अंगठा खाली, मूठ पुढे. लॉक बसताना मामांनी हात मागे केला आणि त्यात पक्कड आली. त्यांनी मागितली नव्हती. मागेही बघितलं नव्हतं.

उज्ज्वला माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. ती अगदी हळू म्हणाली, "लहानपणी मी झोपाळ्यावर असायचे आणि ही दोघं असं गाडीखाली असायची. मी विसरूनच गेले होते."

दांडा जीपला चढवताना मामा खाली गेले, मामी बाजूला उकिडव्या बसल्या, त्या गुडघ्यांनिशी. दांडा खोबणीत घालायचा होता, खुणेला खूण जुळवून. खालून मामांना खूण दिसत नव्हती. ते दांडा फिरवून थोडा आत सारायचे आणि थांबायचे. मामींनी लोखंडावर बांगडी दोनदा वाजवली. मामांनी दांडा बाहेर काढला, एक दात फिरवला, पुन्हा घातला. दोनदा वाजली. पुन्हा एक दात. मग बांगडी एकदाच वाजली. मामांनी जोर लावून दांडा आत सारला.

मी चिंचेकडे बघितलं. सावली कधीच बुंध्यात शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला लागली होती. बाकी कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, मग मीही सांगितलं नाही.

मामांनी जीप सुरू केली. गिअर टाकला. क्लच सुटला आणि जीप निघाली, टक्क न होता, पाण्यावर होडी सुटावी तशी. अंगणाला एक वळसा घालून मामांनी ती ओट्यापाशी आणून उभी केली आणि समोर बघत बसून राहिले. त्यांच्या शेजारची जागा मोकळी होती.

मामींनी पिशवी उचलली. जीपपाशी आल्या. त्या मोकळ्या जागेकडे त्यांनी बघितलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. उज्ज्वला त्यांच्याजवळ. पुढे मी.

फाटा आला, दगडांची वाट सुरू झाली. मी पाय टेकून बसलो होतो आणि माझं सगळं लक्ष तळव्यांत होतं. खाली तो दांडा फिरत होता. एक सांधा पळत असेल, दुसरा त्याला मागे धरत असेल, मग उलट. दर फेऱ्याला. आणि वर काहीसुद्धा कळत नव्हतं. देवळात जेवढा मी कधी गप्प बसलो नाही तेवढा त्या जीपमध्ये बसलो.

अर्ध्या घाटात, एका उंबरापाशी, मामांनी वेग कमी केला. का ते कोणाला सांगावं लागलं नाही. उज्ज्वलाने आईचा हात धरला. मामा थांबणार असं वाटलं. त्यांचे ओठ हललेही.

"जावईबापू," मागून आवाज आला. "म्हणावं, हितं थांबायचं कारन न्हाई आता. फुडं चला."

मी सांगायच्या आत मामांनी गिअर बदलला.

जांभूळखिंडीत घरासमोर मामींचा भाऊ उभा होता. "डोळं उघडं हायत," तो एवढंच म्हणाला. मामी कशा उतरल्या, गुडघ्यांनी काय म्हटलं, काही कळलं नाही. उंबऱ्याच्या आत गेल्या. मागोमाग उज्ज्वला.

मामांनी इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंग सोडलं नाही.

"चला, मामा."

"तुमी व्हा फुडं. मी गाडी बघतो."

गाडीला बघण्यासारखं काही झालं नव्हतं. मी उतरून जीपला टेकून उभा राहिलो. नऊ वर्षांपूर्वी राख निवल्यावर पोचले तेव्हा मामा या उंबऱ्यापर्यंत आले होते आणि तिथूनच परत फिरले होते. त्यानंतर आलेच नव्हते. त्यांनी खिशातून फडकं काढून स्टिअरिंग पुसायला घेतलं. जिथे पुसत होते तिथे काळं होत होतं, कारण हात काळे होते.

बऱ्याच वेळाने मामी दारात आल्या. डोळे लाल होते. हातात तांब्या होता.

"आत या," त्या म्हणाल्या. "आई हात धरायचा म्हनतीय जावयाचा."

मी सवयीने गाडीकडे वळलो. "मामा, त्या म्हणतायत—"

"ऐकलं," मामा म्हणाले.

ते उतरले. दारापर्यंत गेले. मामींनी तांब्यातलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. मामांनी हात चोळले, वाकून चिमूटभर माती घेतली, तिने घासले. पाणी काळं झालं, हात तसेच राहिले. त्यांनी दोन्ही तळवे मामींसमोर धरले.

"अनसू, हे न्हाई गं निघत."

मामींनी तांब्या खाली ठेवला.

"असू द्या. तसाच द्या."

आजी पुढे तीन दिवस होती. बोलली नाही फारशी, पण तिने सुभेदारांचा हात सोडला नाही, ते जेवायला उठायचे तेवढाच सुटायचा. ती गेल्यावर बायकांनी तिला अंघोळ घातली. तिच्या उजव्या तळहातावर ग्रीसचे डाग होते, चार बोटांचे. कोणीतरी शिकेकाई आणि काथ्या घेऊन ते घासायला बसलं. मामींनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "नगं. ते राहू द्या."

घरी परतताना मी मागच्या बाकावर बसलो. पुढे ती दोघं. सबंध घाटभर मी जरा पुढे वाकून कान देऊन होतो, कधी काय निरोप द्यायला लागेल म्हणून.

कोणी मला काही सांगितलं नाही. जीपचाही आवाज येत नव्हता.